प्रतिपिंडे : आठवडाभराच्या उशिराची कथा

प्रतिपिंड हे रक्तात, लाळेत, अश्रूंत, आईच्या दुधात आणि आतड्याच्या अस्तरावर आढळणारे प्रथिन आहे. ‘अँटीबॉडी’ या नावाने ते कोरोनाच्या साथीत घराघरांत पोहोचले. शरीरात शिरलेल्या जिवाणूचा, विषाणूचा किंवा विषाचा एखादा ठरावीक भाग ओळखायचा आणि त्याला घट्ट चिकटायचे, हे त्याचे मूळ काम. ज्याला ते चिकटते त्या परक्या पदार्थाला प्रतिजन म्हणतात. एका प्रतिजनासाठी घडलेले प्रतिपिंड सहसा दुसऱ्यावर चालत नाही; गोवराची प्रतिपिंडे कांजिण्यांपुढे निरुपयोगी असतात. ‘इम्युनिटी वाढवते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा आणि काढ्यांचा दावा इथेच लंगडा पडतो. प्रत्येक रोगाची प्रतिपिंडे वेगळी, आणि ती तो रोग किंवा त्याची लस शरीराने अनुभवल्यावरच तयार होतात.

प्रतिपिंडाचा आकार बेचकीसारखा असतो. दोन लांब आणि दोन आखूड अशा चार प्रथिनसाखळ्या एकमेकींत गुंतून तो तयार होतो. बेचकीच्या दोन्ही टोकांची घडण दर प्रतिपिंडात निराळी असते आणि प्रतिजन तिथेच पकडला जातो. दांडा मात्र एका प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांत सारखाच असतो. प्रतिकार यंत्रणेतल्या इतर पेशी त्या दांड्याला धरतात. ही रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना 1972 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंडे बनवतात त्या बी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्या अस्थिमज्जेत जन्मतात आणि प्रत्येक पेशी एकाच नमुन्याचे प्रतिपिंड बनवू शकते. असे नमुने कोट्यवधी असतात, पण माणसाची प्रथिने घडवणारी जनुके आहेत वीस हजारांच्या आसपास. मग एवढी विविधता येते कुठून? हे कोडे सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे 1976 मध्ये सोडवले. प्रतिपिंडाचे जनुक सलग नसते, तुकड्यातुकड्यांत असते. बी पेशी घडत असताना त्यातले काही तुकडे निवडून जोडले जातात, मधले कापून टाकले जातात आणि सांध्यावर थोडी भरही पडते. प्रत्येक पेशीत ही जुळणी वेगळी होते. त्यामुळे कालपर्यंत जगात नसलेल्या विषाणूशी जुळणारी पेशीही शरीरात बहुधा आधीच तयार असते. जीवशास्त्रातल्या सर्वांत थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे. तोनेगावांना तिच्यासाठी 1987 मध्ये नोबेल मिळाले.

जुळणारी पेशी असते, पण मूठभरच. पायाच्या जखमेतून जंतू शिरले की त्यांचे अवशेष जांघेतल्या लसिका ग्रंथींत पोहोचतात. तिथून ये-जा करणाऱ्या असंख्य बी पेशींपैकी ज्या थोड्यांचा नमुना त्यांच्याशी जुळतो, तेवढ्याच जाग्या होतात. मदतनीस टी पेशींचा दुजोरा मिळाला की त्या भराभर विभागू लागतात. जांघेत अवधाण येते, दाबले की दुखते, ते याच धांदलीमुळे. विभागताना बी पेशींच्या जनुकांत मुद्दाम छोटे बदल घडवले जातात आणि जंतूला अधिक घट्ट धरणाऱ्या पेशीच पुढे टिकतात. त्यांतल्या काहींचे रूपांतर प्लाझ्मा पेशींत होते. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडू शकते.

या सगळ्याला वेळ लागतो. नव्या जंतूविरुद्धची पहिली प्रतिपिंडे रक्तात दिसायला साधारण पाच ते सात दिवस जातात. ती ‘आयजीएम’ प्रकारची असतात : पाच बेचक्या एकत्र जोडलेल्या, पकड सैल पण हात दहा. नेमकी आणि टिकाऊ ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मागाहून येतात. डेंग्यूच्या रक्ततपासणीत दोन्हींची नोंद वेगवेगळी करतात ती याचसाठी. आयजीएम सापडले तर लागण बहुधा ताजी, नुसते आयजीजी असेल तर बहुधा जुनी.

प्रतिपिंड जंतूला चिकटले म्हणजे पुढे काय होते? कधी तेवढेच पुरते. विषाणूचा जो भाग पेशीच्या दाराशी जुळतो तोच झाकला गेला की विषाणूला आत शिरता येत नाही. धनुर्वाताचे किंवा घटसर्पाचे विषही असेच निकामी होते. कधी प्रतिपिंडांनी लगडलेला जंतू भक्षक पेशींना चटकन सापडतो. न्यूमोनियाच्या जिवाणूभोवती शर्करेचे गुळगुळीत कवच असते आणि भक्षक पेशींना ते धरता येत नाही. प्रतिपिंडांचे दांडे मिळाले की धरता येते. तिसरी तऱ्हा रक्तातल्या पूरक प्रथिनांची. प्रतिपिंडांमुळे ती जागी होतात आणि काही जिवाणूंच्या आवरणाला भोके पाडतात. मात्र पेशीच्या आत दडलेल्या शत्रूपर्यंत प्रतिपिंड सहसा पोहोचत नाही. क्षयाचा जिवाणू भक्षक पेशीतच मुक्काम ठोकतो. तिथे लढाईचा भार मुख्यतः टी पेशींवर पडतो.

लागण ओसरल्यावर काही बी पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात आणि काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकतात. ही आठवण किती लांब पोहोचते याचा एक विलक्षण पुरावा 1846 मधला आहे. अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर त्या वर्षी गोवराची साथ आली आणि सुमारे 7,800 लोकवस्तीपैकी 6,000 हून अधिक लोक आजारी पडले. तपासासाठी गेलेला तरुण डॅनिश डॉक्टर पीटर पानुम याला दिसले की 1781 च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, ती म्हातारी माणसे 65 वर्षांनंतरही धडधाकट होती. फ्लूचे तसे नसते. त्याचा विषाणू रूप पालटत राहतो आणि जुनी प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत. डेंग्यूत तर उलटेही घडते. त्याचे चार प्रकार आहेत, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला रोखण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची भीती असते, ती मुख्यतः यामुळे.

पहिल्या आठवड्याची उणीव उसन्या प्रतिपिंडांनी भरून काढता येते, आणि निसर्ग ते आधीपासून करतो. आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून गर्भाला मिळतात आणि पहिले काही महिने बाळाला सांभाळतात. प्रसूतीनंतरच्या चिकात ‘आयजीए’ प्रतिपिंडे भरपूर असतात आणि बाळाच्या आतड्याचे रक्षण करतात. चीक पिळून टाकण्याची चाल म्हणूनच घातक. आईकडून आलेली गोवराची प्रतिपिंडे लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात. भारतात गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात त्याचे कारण हेच.

हीच वाट वैद्यकाने धरली ती 1890 मध्ये, बर्लिनला. एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशाच्या रक्ताचा पातळ भाग, म्हणजे सीरम, उंदराला टोचला तर उंदीरही बचावतो. त्यातून घटसर्पावर सीरमचा उपचार निघाला आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. 1901 मध्ये वैद्यकाचे पहिलेच नोबेल बेरिंग यांना मिळाले. कितासातोंना वगळले गेले, हे न्याय्य नव्हते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्याच्याशी जोडले गेले ते सर्पदंशावरचे औषधही याच जातीचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडेथोडे टोचून घोड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार करवतात आणि ती शुद्ध करून कुप्यांत भरतात.

उसन्या प्रतिपिंडांची सर्वांत निकडीची गरज रेबीजमध्ये पडते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतला विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लस लगेच टोचली तरी शरीराची स्वतःची प्रतिपिंडे यायला आठवडाभर तरी लागतो, तोवर विषाणू मज्जातंतूत पोहोचू शकतो. म्हणून रक्त आलेल्या चाव्यावर लसीबरोबर रेबीजचे सीरम देतात आणि त्याचा शक्य तेवढा भाग थेट जखमेत व तिच्याभोवती टोचतात, कारण विषाणू तिथेच असतो. दंडावर घेतलेली लस ते काम करू शकत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद किंवा चुना लावू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीसोबत सीरमचीही विचारणा करावी. पहिल्या लसीला सात दिवस उलटल्यावर सीरम देत नाहीत. तोपर्यंत शरीराने स्वतःची प्रतिपिंडे बनवायला सुरुवात केलेली असते.