वरची दाढ आणि गालांतील पोकळी

दंतनाडीची चिकित्सा सांगतांना सुश्रुतानें एक मार्मिक अपवाद केला आहे. ज्या दातापाशीं पू वाहणारी नाडी झाली असेल तो दात काढावा, मात्र तो वरचा नसावा. वरचा दात हलत असला तरी वैद्यानें तो उपटूं नये, असें तो बजावतो. अतिरक्तस्राव, अंधत्व व अर्दित म्हणजे तोंड वांकडें होणें, हीं भयें त्यानें सांगितलीं आहेत. आज दंतवैद्य वरचे दात निर्भयपणें काढितात, तेव्हां तो निषेध आतां पाळावयास नको. तथापि वरच्या जबड्याची गोष्ट निराळी, हें त्या आचार्यास दिसलें होतें.

डोळ्यांखालीं, वरच्या जबड्याच्या हाडांत, दोहों बाजूंस एकेक पोकळी असते. हिलाच डॉक्टर सायनस म्हणतात. तिच्या तळाशीं दाढांचीं मुळें टेकलेलीं असतात; मध्यें हाडाचा पातळ पापुद्रा, आणि कित्येकांच्या बाबतींत तोही नाहीं. नाकांत उघडणारें तिचें द्वार मात्र वर, छपराजवळ. हंड्याची तोटी कांठाशीं बसवावी तसा हा प्रकार! आंत सांचलेला कफ सहजीं निघावा कसा?

इंग्लंडांतील नॅथॅनियल हायमोर या वैद्यानें १६५१ सालच्या आपल्या ग्रंथांत एका स्त्रीची हकीकत दिली आहे. वरचा सुळा काढल्यावर त्या जागेंतून सारखा स्राव वाहूं लागला. तिनें तेथें पिसाची काडी घातली, तों ती बहुतेक सबंध आंत गेली! काडी मेंदूस लागली असें वाटून बाई घाबरली. वस्तुतः ती या पोकळींतच वळली होती.

या शेजारामुळें एकाचें दुखणें दुसऱ्याच्या नांवावर पडतें. पडशानंतर एकाच बाजूच्या दोनतीन दाढा मिळून ठणकतात, वांकलें कीं गाल जड होतो. तेथें दोष बहुधा सायनसचा. आमच्या परिचयाच्या एका गृहिणीची निरोगी दाढ अशाच ठणक्यापायीं गेली. उलट एकाच नाकपुडींतून दुर्गंधीयुक्त स्राव महिनोन् महिने येत असेल, तर वाफारे घेत बसूं नये; मूळ किडक्या दाढेंत असण्याचा संभव मोठा. दाढ काढल्यावर चूळ भरतांना पाणी नाकांतून आलें, तर नाक जोरानें शिंकरूं नये व त्याच दिवशीं दंतवैद्याकडे जावें. (घरोघरीं बायका हें ‘बरें होईल’ म्हणून अंगावर काढितात, तें आम्हांस बिलकूल मान्य नाहीं.)

मधुमेह असणाऱ्यांनीं तर विशेष जपावें. २०२१ सालच्या करोनाच्या साथींत म्युकरमायकोसिस या बुरशीनें महाराष्ट्रांत हाहाकार उडविला. अनावर साखर व स्टिरॉइडचें औषध यांमुळें ती नाकांतून सायनसमध्यें शिरून हाड कुजवी. गाल बधिर होणें, धडधाकट दाढा एकाएकीं हलूं लागणें, टाळूवर काळा डाग, हीं तिचीं चिन्हें. साखर अनावर असणाऱ्यांस ती साथीपूर्वींही होत असे व आजही होते; तेथें एका दिवसाचाही विलंब नडतो. वरचा जबडा काढावा लागलेल्या कित्येकांस कृत्रिम टाळू बसवून पुनः जेवतां-बोलतां येऊं लागलें आहे.