गुहेतील आंधळे जलचर

गुहेतील आंधळ्या प्राण्यांचा विषय वर्गात निघाला की, "अंधारात डोळे वापरले नाहीत, म्हणून ते गेले," असे सांगितले जाते. हे उत्तर मुलांस चटकन पटते. परंतु ते बरोबर नाही.

क्रेफिश हा झिंग्याचा व खेकड्याचा नातलग. गोड्या पाण्यात राहणारा, नांग्या असलेला प्राणी. तो भारतातील मूळचा नव्हे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ ही चुनखडीची प्रचंड गुहा आहे. तेथील आंधळ्या क्रेफिशचे शास्त्रीय वर्णन 1844 साली झाले. त्याच्या डोळ्यांचे देठ उरले आहेत, दृष्टी नाही. अंग पांढुरके, पाय सडपातळ, स्पर्शिका लांब. पुराने आत वाहून येईल तेवढ्याच अन्नावर गुजराण असल्याने सारे व्यवहार मंद असतात. अलाबामातील अशीच एक जात शतायुषी मानली जाई; 2012 मधील अभ्यासात तिचे आयुष्य सुमारे 22 वर्षेच भरले.

परभणी जिल्ह्यातील काळा पाषाण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. म्हणून येथे अशा गुहा नाहीत. पण बस्तरमध्ये कांगेर नदीच्या खोऱ्यात कुटुमसर गुहा आहे. कांगेरचे पाणी कोलाब नदीतून अखेर गंगाखेडवरून वाहत गेलेल्या गोदावरीसच मिळते. त्या गुहेत तळाशी राहणारा एक लहान मासा आढळतो. फ्रान्सिस डे यांनी 1872 साली पुण्याकडील ज्या माशाचे वर्णन केले, त्याच जातीचा तो मानला गेला आहे. पुण्याकडील माशास चांगले डोळे असतात. गुहेतील काहींचे डोळे लहान, तर काहींचे जवळजवळ नाहीसे झालेले आहेत.

हे घडते कसे? पिढ्यान्‌पिढ्या मुलींचे कान टोचले जातात, तरी मुलगी टोचलेल्या कानांनी जन्मत नाही. वापर न केल्याने झालेला बदलही तसाच संततीत उतरत नाही. मात्र काही पिल्ले जन्मतःच अधू डोळ्यांची निपजतात. उजेडात ती शत्रूच्या तोंडी पडतात. अंधारात त्यांचे काही बिघडत नाही. उलट डोळे पोसण्यास लागणारे अन्न वाचते. दुष्काळात हा लाभ लहान नव्हे. अशी पिल्ले जगतात, त्यांची संतती वाढते आणि हजारो पिढ्यांनंतर सारी वस्तीच आंधळी होते. रंग जाण्याचेही कारण बरेचसे असेच आहे.

शिक्षकांनी फळ्यावर पूर्ण, लहान व नष्टप्राय डोळ्यांचे तीन मासे काढावेत आणि यांपैकी ओढ्यात कोण टिकेल व गुहेत कोण, हे मुलांसच विचारावे.