वर्गांतील एक मूल आणि अनेक शास्त्रें

‘विशेष शिक्षण’ हे शब्द कानीं पडतांच आपणांपैकीं बहुतेकांच्या मनांत अंधांची किंवा मूकबधिरांची एखादी शाळा उभी राहते, आणि तेथील शिक्षक म्हणजे फार सोशिक, फार प्रेमळ मनुष्य असावयाचा अशी आपली कल्पना असते. सोशिकपणा हवाच; तो नसेल तर या कामांत कोणीं पडूं नये. परंतु मूल शिकत कां नाहीं, याचें उत्तर नुसत्या प्रेमानें सांपडत नाहीं. तें कधीं वैद्याजवळ असतें, कधीं मानसशास्त्रज्ञाजवळ, कधीं भाषेच्या अभ्यासकाजवळ, आणि कधीं तर कायद्याच्या पुस्तकांत. विशेष शिक्षणाचें भांडवल बहुतेक उसनें आहे. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र उसनें आणलेल्याचें वर्गांत काय करावयाचें, हें त्याचें त्यालाच ठरवावें लागतें. या देण्याघेण्याचा विचार आज मी मुख्यत्वें भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणानें करणार आहें.

हें उसनें घेणें आजकालचें नव्हे. १८०० सालीं फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतांतील रानांत सांपडलेला एक मुका मुलगा पॅरिसला आणण्यांत आला. त्याला शिकविण्याचें काम अंगावर घेतलें तें ईतार नांवाच्या वैद्यानें. ईताराचा शिष्य सेगँ हाही वैद्यच. या दोघांचे ग्रंथ अभ्यासून रोमच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं, ज्यांना त्या काळीं ‘मंदबुद्धि’ म्हणून बाजूला सारीत अशा मुलांना शिकविलें; आणि १९०७ सालीं तीच रीत त्यांनीं सर्वसाधारण मुलांच्या बालगृहांत आणली. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि १९४५ मध्यें ताराबाईंनीं बोर्डीच्या खेड्यांत बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें. आपल्या घरचें धडधाकट मूल बालमंदिरांत ठोकळे रचतें, खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवितें, तेव्हां तें ज्या विद्येवर खेळत असतें ती मूळची दुर्लक्षित मुलांच्या शाळेंतली आहे, हें पुष्कळ आईबापांस ठाऊक नसतें.

आतां भंडाऱ्याकडे वळूं. वैनगंगेच्या कांठचा हा तळ्यांचा आणि भाताचा जिल्हा. पूर्व विदर्भांतील शेजारच्या जिल्ह्यांप्रमाणें येथेंही सिकलसेल नांवाचा रक्ताचा आनुवंशिक रोग पुष्कळ कुटुंबांतून आढळतो. मध्य भारतांतील या दोषाविषयींचा शुक्ल व सोळंकी या संशोधकांचा लेख १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्यानें जे २१ प्रकार मानले, त्यांत सिकलसेलचा समावेश झाला. रक्ताच्या रोगाचा आणि पाटीपुस्तकाचा संबंध काय, असें श्रोत्यांस वाटेल. यासाठीं चौथीच्या वर्गांतील एक मुलगी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. महिन्यांतून चार-पांच दिवस ती येत नाहीं. आली तर कवायतीला मागें राहते. तासाला दोनदां लघवीस जाण्याची परवानगी मागते. थंडींत प्रार्थनेच्या वेळीं हातपाय दुखतात म्हणते, आणि दुसऱ्या दिवशीं हंसतखेळत असते. गुरुजींनीं प्रामाणिकपणें काय समजावें? आळशी, कामचुकार, ढोंगी. वर्षाअखेर या तिन्ही शब्दांचा मिळून एक शब्द होतो : मठ्ठ.

येथें वैद्यकशास्त्र पहिली मदत करतें. रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. या रोगांत प्राणवायु सोडतांच त्या विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जेथें अडकतात तेथें असह्य वेदना. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच मोडते, म्हणून अंगांत रक्त कमी व थकवा फार. मूत्रपिंडांना शरीरांतील पाणी राखून ठेवतां येत नाहीं, म्हणून लघवीला वारंवार जावें लागतें. आणि पाणी कमी पडलें कीं वेदनेचा झटका येण्याची भीति वाढते. थंडीनेंही तेंच होतें. म्हणजे गुरुजींनीं जीं तीन लक्षणें स्वभावाच्या खात्यावर मांडलीं, तीं तिन्ही रक्ताच्या खात्यावरचीं निघालीं.

परंतु वैद्य येथपर्यंतच येतो. त्याच्या कागदावर ‘पाणी भरपूर द्यावें, गारठा टाळावा’ इतकेंच लिहिलेलें असतें. पाण्याची बाटली बाकावरच असूं द्यावी, बाहेर जातांना हिनें परवानगी मागूं नये, पौषांतल्या सकाळीं प्रार्थनेला हिला उन्हांत उभें करावें, बुडालेला धडा शेजारच्या मुलीबरोबर घरीं पाठवावा, हें वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथांत सांपडावयाचें नाहीं. हें शिक्षिकेचें शास्त्र. आनुवंशशास्त्राचाही एक उपयोग पालकसभेंत करून घेण्यासारखा आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावांचून हा रोग अंगीं प्रकट होत नाहीं. एकट्या सुनेच्या माहेरावर बोट ठेवणाऱ्या घरांत हें वाक्य कोणीतरी स्पष्टपणें उच्चारलें पाहिजे.

याहून कठीण गोष्ट पुढें आहे. या रोगांत मेंदूंतील रक्तप्रवाहही कोठें कोठें अडतो. कधीं त्यानें उघड पक्षाघात होतो. पण कधीं बाहेरून कांहींच दिसत नाहीं, हातपाय नीट चालतात, आणि लक्ष मात्र टिकेनासें होतें, पाठ केलेलें लवकर उडून जातें. अशा मुलीची परीक्षा कोणीं व कशी करावी? हा प्रश्न मानसशास्त्राचा. १९०५ सालीं फ्रान्सांत बिने यांनीं सिमाँ यांच्यासह बुद्धिमापनाची पहिली श्रेणी रचली ती ज्या मुलांना निराळ्या मदतीची गरज आहे तीं ओळखण्यासाठीं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनीं तिचें मराठी व कानडी मुलांसाठीं रूपांतर केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं निघाला. परक्या देशांतील प्रश्न जसेच्या तसे विचारून आपल्या मुलाची बुद्धि मोजतां येत नाहीं, हें त्या रूपांतरामागचें तत्त्व. मला मात्र भीति वाटते ती आंकड्याची. मदत कोठें हवी हें दाखविण्यासाठीं काढलेली संख्या थोड्याच दिवसांत कपाळावरचा शिक्का होते. झटक्यांतून नुकत्याच उठलेल्या मुलीची बुद्धि त्याच आठवड्यांत मोजूं नये, एवढें तारतम्य कोणत्याही श्रेणींत छापलेलें नसतें.

कायदाही टक्क्यांचीच भाषा बोलतो. ४० टक्के दिव्यांगत्व ठरलें कीं १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांचीही तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण जो आजार या सोमवारीं शून्य असतो आणि पुढच्या सोमवारीं शंभर, त्याचे टक्के कसे काढावे? म्हणून शिक्षिकेच्या हजेरीपटावरील नोंदी व तारखा वैद्याच्या तपासणीइतक्याच मोलाच्या समजल्या पाहिजेत.

भंडाऱ्यांत भाषाशास्त्राचें साहाय्य कसें लागतें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण त्याची आठवण कोणास सहसा होत नाहीं. या भागांत झाडीबोली बोलतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं तिचा आयुष्यभर अभ्यास केला. या बोलींत ‘ण’ नाहीं व ‘ळ’ नाहीं; ‘पाणी’चें ‘पानी’ होतें, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. आतां नागपूर-पुण्याकडून आलेल्या वाचातज्ज्ञानें लहान मुलाच्या तोंडून ‘डोरा’ ऐकला, तर उच्चारदोषाची नोंद करून तो जिभेचे व्यायाम सुरू करील. उलट गांवच्या गुरुजींना सवयीमुळें सगळेंच बोलीचें वाटतें, आणि वाहत्या कानामुळें ज्याला खरोखरच कमी ऐकूं येतें तें मूल वर्षानुवर्षें मागच्या बाकावर बसून राहतें. दोघांनाही एक सोपी कसोटी करतां येईल. त्या मुलाच्या आईकडून किंवा आजीकडून तोच शब्द म्हणवून घ्यावा. तीही ‘डोरा’च म्हणाली, तर मुलाची जीभ निर्दोष आहे, तिला हात लावूं नये. पण आजी स्वच्छ ‘डोरा’ म्हणते आणि नातू मधलें व्यंजनच गाळून ‘डोआ’ म्हणतो, असें आढळलें, तर त्याच आठवड्यांत त्याला कान तपासण्यास घेऊन जावें.