हॉबी शॉपचा गल्ला सुट्या भागांवर भरतो

रेडिओच्या लहरींवर उडणारी छोटी विमाने म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची खेळणी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु या खेळण्यामागे जो व्यापार उभा आहे त्याचा हिशेब निराळा आहे आणि आमच्या वाचकांनी तो समजून घ्यावा असा आहे. आमच्या वाचकांत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, मोटारी रिवाइंड करणारे, सुतारकाम करणारे आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने चालविणारे पुष्कळ आहेत. या धंद्यात जे हुनर लागते ते त्यांच्या हातात आधीच आहे. प्रश्न एवढाच आहे की भांडवल कोणत्या मालात घालावे. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: तयार विमानात नव्हे, सुट्या भागांत.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. उडविणाऱ्याच्या हातात ट्रान्समीटर असतो. विमानात रिसीव्हर असतो, तो लहरी पकडतो आणि आज्ञा पुढे पाठवितो. पंखावरची व शेपटीवरची झडप हलविण्यासाठी सर्व्हो नावाची आगपेटीपेक्षाही लहान मोटार असते. तिच्या पोटात दातेरी चाके व एक छोटे सर्किट असते. रिसीव्हर तिला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मध्यावर राहतो, एक मिलिसेकंदाचा झाला की एका टोकाला व दोनचा झाला की दुसऱ्या टोकाला जातो. पंखा फिरविणारी मोटार निराळी. तिचा वेग कमीजास्त करणारे सर्किट, ज्याला स्पीड कंट्रोलर म्हणतात, तेही निराळे. या सर्वांना वीज पुरविणारी बॅटरी शेवटची.

आता शिकाऊ गिऱ्हाईकाच्या हातून विमान जमिनीवर आदळले तर काय तुटते? पहिला पंखा. मग सर्व्होचे दाते. मग मोटारीचा दांडा वाकतो, फोमचा पंख चिरतो. ट्रान्समीटर मात्र हातातच असल्याने वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे सर्वांत महाग वस्तू एकदाच विकली जाते आणि स्वस्त वस्तू पुन्हा पुन्हा. ज्या दुकानात शनिवारी संध्याकाळी पंखा मिळतो त्या दुकानाचे गिऱ्हाईक रविवारी मैदानावर असते. ज्या दुकानात मिळत नाही त्याचे गिऱ्हाईक महिनाभरात छंदच सोडून देते. तयार विमान विकून आलेला नफा तिथेच संपतो.

अमेरिकेत काय घडले तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. इलिनॉय राज्यात शॅम्पेन नावाचे गाव आहे. या एका गावात या धंद्यातील दोन मोठ्या कंपन्या नांदत होत्या, हॉबिको आणि होरायझन हॉबी. टपालाने माल पाठविणारी टॉवर हॉबीज ही हॉबिकोचीच. तिचा जाडजूड कॅटलॉग घराघरांत जाई. हॉबिकोची मालकी तिच्या नोकरांकडे होती, ही विशेष गोष्ट. एवढी मोठी पेढी, पण जानेवारी २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज डोक्यावर आणि विक्री खाली. त्याच वर्षी तिच्या रेडिओ कंट्रोल मालाची नावे व टॉवर हॉबीज हे नाव होरायझनने विकत घेतले. शेजारच्याचे दुकान शेजाऱ्याने घेतले म्हणा ना! चीन व हाँगकाँगचा माल थेट गिऱ्हाईकाच्या दारात पोहोचू लागल्यावर मधल्या वितरकाची जागा आकुंचित होत गेली, हे या काळाचे सर्वांत मोठे चित्र आहे. होरायझनची पकड मात्र निराळी होती. विमान, रेडिओ, बॅटरी व त्यांचे सुटे भाग स्वतःच्या नावाने विकावयाचे आणि गिऱ्हाईकाला त्या नावाशी बांधून ठेवावयाचे, असे तिचे धोरण.

स्वस्ताईचीही किंमत मोजावी लागते. हाँगकाँगच्या हॉबीकिंग या प्रसिद्ध विक्रेत्यावर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने जुलै २०२० मध्ये २८ लाख ६१ हजार १२८ डॉलरचा दंड कायम केला. गुन्हा कोणता? विमानातून चित्र पाठविणारे काही ट्रान्समीटर मंजुरी नसताना, मनाई असलेल्या लहरींवर चालतील असे विकले. रेडिओच्या मालात कागद नसला तर नफा कुठे जातो, हे यावरून कळावे.

लहरींचाच विषय निघाला आहे तर तो पुरा करू, कारण दुकानदाराचे भांडवल इथे एकदा बुडालेले आहे. पूर्वी अमेरिकेत विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५० चॅनेल होते. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र क्रिस्टल. मैदानावर दोघांनी एकाच चॅनेलवर रेडिओ चालू केला की एकाचे तरी विमान खाली आलेच. म्हणून क्लबात एक फळी असे, तिच्यावर चॅनेलच्या आकड्याचे कपड्याचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा त्यानेच रेडिओ चालू करावयाचा. दुकानदार या क्रिस्टलांचे जोड डबेच्या डबे भरून ठेवीत. २००५-०६ च्या सुमारास स्पेक्ट्रम या नावाने २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ बाजारात आले. यात ट्रान्समीटर व रिसीव्हर एकमेकांची ओळख पक्की करून ठेवतात, शेजारच्याची आज्ञा ऐकतच नाहीत. चिमटे गेले आणि क्रिस्टलही गेले. डबे तसेच पडून राहिले.

आज तीच भीती दुसऱ्या रूपात आहे. फुताबाचा रिसीव्हर स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरचे ऐकत नाही, आणि फ्लायस्कायची भाषा तिसरीच. चार कंपन्यांचे रिसीव्हर ठेवणारा दुकानदार चार ठिकाणी पैसा अडकवतो. एका-दोघांवर स्थिर व्हावे आणि आपल्या गावातील गिऱ्हाईकांनाही त्याच नावाची सवय लावावी. अलीकडे एक्सप्रेसएलआरएस नावाची खुली पद्धत आली आहे. तिचा आराखडा कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही, त्यामुळे अनेक कारखाने एकमेकांशी जुळणारा माल बनवितात. लहान दुकानदाराच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

बॅटरीचे प्रकरण अधिक नाजूक. पूर्वी मिथेनॉल, एरंडेल तेल व नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणारी छोटी इंजिने असत. धूर, तेलकट हात आणि कानठळ्या. जुन्या शौकिनांना तीच प्रिय आहेत. नवे गिऱ्हाईक मात्र विजेच्या मोटारीकडे वळले आहे व त्यासाठी लिथियम पॉलिमर बॅटरी लागते. तिच्या एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन सेलची बॅटरी म्हणजे ११.१ व्होल्ट. तिच्यावर २२०० एमएएच आणि २५ सी असे लिहिलेले असेल तर २.२ ला २५ ने गुणावे: ५५ अँपिअर. तेवढा प्रवाह ती देऊ शकते असा बनविणाऱ्याचा दावा. दावाच म्हणावयाचा, कारण स्वस्त मालावरचे सी चे आकडे फुगविलेले असतात, हे या धंद्यात कोणापासून लपलेले नाही.

ही बॅटरी म्हणजे किराण्यातील दुधासारखा माल आहे, कपाटात ठेवून विसरता येत नाही. पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवली तर फुगते. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर खराब होतो. साठविताना सेलमागे सुमारे ३.८ व्होल्ट ठेवावे. चार्ज करताना सोडून जाऊ नये. हिची आग विझविणे सोपे नाही, आणि आपली दुकाने लाकडी माळ्याची व दाटीवाटीच्या गल्लीतली. विमान कंपन्यांनी १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेणे बंद केले. मालवाहू विमानातही ३० टक्क्यांहून अधिक भरलेली चालत नाही. म्हणून परदेशातून आणलेली बॅटरी वेळ घेते व वाटेतच म्हातारी होते. थोडा थोडा माल घ्यावा व आलेला प्रत्येक सेल मीटरने तपासावा.

आता हुनराची बाजू. विमानाची मोटार बहुधा अशी असते की बाहेरचा डबा फिरतो आणि आतील तारेचा गाभा स्थिर राहतो. गाभ्याला १२ दाते, डब्यात १४ चुंबके, हा नेहमीचा नमुना. मोटारीवर १००० केव्ही लिहिलेले पाहून आमचा वायरमन दचकेल. ते किलोव्होल्ट नव्हे! एका व्होल्टला मिनिटात १००० फेरे, तेही पंखा न लावता, एवढाच त्याचा अर्थ. ११.१ व्होल्टवर ११,१०० फेरे झाले. तारेचे वेढे वाढविले की केव्ही उतरते, कमी केले की चढते. तेच वेढे स्टारऐवजी डेल्टात जोडले तर वेग सुमारे पावणेदोन पट होतो. पंपाची थ्री-फेज मोटार भरणाऱ्या कारागिराला यात नवे ते काय? फरक मापाचा. तार बारीक, दाते बारीक, इनॅमल ओरखडले की शॉर्ट. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार फार तापून जळाली असेल तर चुंबकांचा जोरही उतरलेला असतो. साधी निओडिमियम चुंबके ८० अंशांच्या पुढे दम सोडू लागतात. अशी मोटार कितीही सफाईने भरली तरी पूर्वीसारखी ओढणार नाही. ते गिऱ्हाईकाला आधी सांगावे व मजुरी घेण्यापूर्वीच सांगावे.

सर्व्होचे दाते बदलणे, जाड तारेला कनेक्टर डाग देऊन बसविणे, फोमचा पंख सांधणे ही कामे त्याहून सोपी व रोजची. सुतारांसाठी बाल्सा लाकूड आहे. हे हलके लाकूड जगाला मुख्यत्वे इक्वेडोर देशातून मिळते. पवनचक्क्यांच्या पात्यांत तेच भरतात, म्हणून २०२० च्या सुमारास मागणी एकदम वाढली, भाव चढले आणि छोट्या विमानवाल्यांना लाकूड मिळेनासे झाले. बाल्सा आपल्या बाजारात मोजकेच ठेवावे. शिकाऊ विमान फोमचेच बरे.

गिऱ्हाईक कोण, असे विचाराल तर आपल्या महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजची मुले पहिली. त्यांच्या विमान बनविण्याच्या स्पर्धा असतात. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात त्यांना सर्व्हो आजच हवा असतो, भाव नंतर विचारतात. एनसीसीच्या हवाई शाखेत छात्रांना एरोमॉडेलिंग शिकवितात, तेही गिऱ्हाईकच. हौशी मंडळी थोडी, पण ती वर्षानुवर्षे टिकतात. उधारी मात्र कॉलेजच्या संघाला देऊ नये. मुले पास होऊन निघून जातात.

राहिला कायदा, आणि तोही सुट्या भागांकडेच बोट दाखवितो. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीस मनाई केली, पूर्ण तयार असो की जुळणीच्या संचात. संशोधन व संरक्षण यांसारखे अपवाद ठेवले आणि सुट्या भागांना मोकळीक दिली. केवळ करमणुकीची उडती खेळणी जकातीच्या दरपत्रकात खेळण्यांच्या सदरात जातात, तर खरे मानवरहित विमान निराळ्या सदरात. आपला माल कुठे बसतो यावर धंदा तरतो किंवा बुडतो. खेळण्यांच्या सदरातही स्वस्ताई नाही. मूळ जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली व २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याविना खुला आहे. याचा अर्थ कागदच नको असा काहींनी घेतला, तो चुकीचा आहे. ट्रान्समीटर व रिसीव्हर आणताना दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची त्या मॉडेलची मंजुरी लागते. घाऊक व्यापाऱ्याकडून घेतानाही तिची प्रत मागावी.

उडविणाऱ्यासाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. त्यांत करमणूक वा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटची अट नाही. नकाशावरील हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळ व लष्करी ठाण्यांजवळचा प्रदेश लाल. गिऱ्हाईकाला हा नकाशा दुकानातच उघडून दाखवावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. तेव्हा मोठी ऑर्डर देण्यापूर्वी त्याचे पुढे काय झाले ते पाहावे, आणि आगाऊ पैसे पाठविण्याआधी क्लिअरिंग एजंटाकडून माल कोणत्या सदरात लागेल ते लेखी घ्यावे.