परवान्याची बंदूक आणि बिनपरवान्याची

आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, पुढाऱ्यांवर गोळ्या झाडल्या जातात, तर आपणही पिस्तुलाचा परवाना काढावा. प्रश्न रागाचा असला तरी पोरकट नाही. म्हणून आधी कायदा पाहू.

हत्यारांचा कायदा लॉर्ड लिटनच्या अमदानीत, १८७८ साली झाला. एतद्देशीयास परवाना हवा, गोऱ्या साहेबाला सूट! तो कायदा दरोडेखोरापेक्षा रयतेच्या भीतीने केलेला होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या ठरावात घातला. घटनेत मात्र तो आला नाही. उलट १९ व्या कलमाने सभेचा हक्क दिला तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा. मोर्चे काढण्यात आमची हयात गेली. ही अट आम्हांस कधी जाचली नाही.

सध्याचा कायदा १९५९ चा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असे त्याचे चौदावे कलम सांगते. (कलमे वाचण्याचा नाद आम्हांस कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर लागला, कॉलेजात नव्हे.) २०१९ च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवली.

पण खून कशाने होतात? २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईस शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळ्या घातल्या. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. दत्ता सामंतांना मारले. भाडोत्री मारेकरी परवान्यासाठी कचेरीत अर्ज करीत नसतो. सरकारी गुन्हे-अहवालांतही बंदुकीच्या खुनांत बिनपरवाना हत्यारांचाच वाटा फार मोठा दिसतो. ती येतात कोठून? बिहारातील मुंगेर पाहा. मीर कासीमच्या वेळेपासून तेथे बंदुका घडतात. परवानाधारक कारखान्यांचे काम आटले तसे कसबी हात रिकामे झाले, आणि त्यांतले काही चोरून गावठी पिस्तुले घडवू लागले. लेथवरच्या कारागिराला काम न देता केवळ छापे घालणारे सरकार अर्धेच काम करते.

मग परवान्याची सक्ती निरुपयोगी काय? नाही. ठरवून केलेला खून निराळा. रागाच्या वा निराशेच्या एका घटकेत हाताशी बंदूक असणे निराळे. अमेरिकेत कित्येक घरांत ती कायदेशीरपणे असते. २०२१ साली तेथे गोळीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतील निम्म्याहून अधिकांनी ती स्वतःवरच झाडली होती. खोलीत पिस्तूल, शेजारी संपाने कर्जात बुडालेला माणूस, हे चित्र गिरणगावात राहिलेल्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आणि स्वसंरक्षण? नियोगी झोपेत होते. उशाखालचे पिस्तूल त्यांच्या काय कामी आले असते? त्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. कटाचा आरोप असलेले कारखानदार सुटले.