पडद्यावरचा हत्ती आणि त्याचा माहूत

मराठवाड्यात हत्ती नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आपण घोडे, गाढवे, उंट पाहतो. हत्ती भेटतो तो पडद्यावर. तरीही माणूस आणि हत्ती यांच्या मैत्रीचे चित्रपट आपल्याकडे आवडीने पाहिले जातात. त्या मैत्रीत हत्तीचा मालक कोण, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

सर्वांना ठाऊक असलेला चित्रपट म्हणजे १९७१ चा ‘हाथी मेरे साथी’. निर्माते तमिळनाडूचे सँडो चिन्नप्पा देवर, पटकथा सलीम-जावेद यांची, नायक राजेश खन्ना आणि नायिका आपली मराठमोळी तनुजा. अनाथ राजू चार हत्तींसह रस्त्यावर खेळ करून पोट भरतो, पुढे श्रीमंत होतो आणि ‘प्यार की दुनिया’ नावाचे प्राणिसंग्रहालय उभारतो. मूल झाल्यावर पत्नीला हत्तींची भीती वाटू लागते. मोडू घातलेला संसार सांधताना रामू हत्ती प्राणास मुकतो.

हत्तीला दिवसाला शे-दीडशे किलो चारा लागतो. रस्त्यावरच्या पोराने असे चार पोसले कसे, हे आपण गाण्यांच्या नादात विसरतो. कथेची खरी सोय मात्र वेगळीच आहे. राजू स्वतःच मालक आहे. त्याचा हत्ती मरणाखेरीज कोणी नेऊ शकत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सालगडी. पाडव्याला साल ठरते. त्या सालात मालकाची देवणी जोडी चारणे, धुणे, आजारपणात रात्र जागवणे सारे वडिलांकडे. पोळ्याला शिंगे तेच रंगवीत. एका वर्षी मालकाने ती जोडी हाळीच्या बाजारात विकली. मालकाचा माल, त्याने विकला. यात कायद्याने काही चूक नाही. वडील मात्र दोन दिवस गोठ्याकडे फिरकले नाहीत. म्हणून मला राजूपेक्षा माहूत जवळचा वाटतो.

माहुताची ही गोष्ट पडद्यावर फार आधी येऊन गेली आहे. १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’ या इंग्रजी चित्रपटाचे बरेचसे चित्रण म्हैसूरकडे झाले. त्यात तूमाईचे काम करणारा साबू हा खरोखरच तिकडच्या माहुताचा मुलगा. वडील वारल्यावर तूमाईचा काला नाग दुसऱ्या, क्रूर माहुताच्या हाती दिला जातो, आणि पोर हत्तीला घेऊन जंगलात पळते. पळून जाणे चित्रपटात जमते.

आपल्या राज्यात २०२५ साली काय घडले ते आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात गेली. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. निरोप देताना माणसे रडली, पुढे मोर्चे निघाले. दुसऱ्या बाजूला तिचे दुखरे पाय, साखळी आणि एकटेपण होते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. प्रेम असले म्हणजे हत्तीचे पाय दुखायचे थांबत नाहीत, आणि पाय दुखतात म्हणून रडणाऱ्यांचे प्रेम खोटे ठरत नाही.

हे सारे ज्यात मला एकत्र सापडले तो लघुपट म्हणजे कार्तिकी गोन्साल्विस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. त्याला २०२३ साली ऑस्कर मिळाले. मुदुमलईच्या जंगलातील तेप्पकाडू छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे आदिवासी जोडपे रघू नावाचे पोरके पिल्लू वाढवते. त्याला न्हाऊ घालते, भरवते, रागावतेही. येथे नायक श्रीमंत होत नाही, खलनायक तर नाहीच. रघू मोठा होतो आणि वनखाते त्याला दुसऱ्या माहुताकडे सोपवते. बोम्मन-बेल्लीला कोणी विचारीत नाही. त्यांच्याकडे तोवर अम्मू नावाचे आणखी एक पिल्लू आलेले असते. तिला वेळेवर दूध पाजावे लागते, आणि ती दोघे ते करीत राहतात.