नियुक्तीपत्र मागा : तोंडी नोकरी म्हणजे नवी खोतीच

पोफळी म्हटले की कोयनेची वीज आठवते. शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून सह्याद्री उतरते आणि डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात जनित्रे फिरवते. या प्रकल्पामुळे पोफळी, शिरगाव, अलोरे, कोळकेवाडी या पट्ट्यात महिन्याच्या पगाराची नोकरी आली. आज मात्र आपल्या तरुणांच्या वाट्याला बहुतेक वेळा ठेकेदाराकडचे काम येते, मग ते गावाजवळ असो, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत असो की मुंबई-पुण्यात. अशी नोकरी अनेकदा तोंडीच ठरते. "उद्यापासून ये, पगाराचे बघू." पगार किती, सुट्टी किती, कामावरून काढताना काय नियम, यातले काहीच कागदावर नसते.

कोकणातल्या आपल्या समाजाला ही रीत नवी नाही. खोतीत खोत सांगेल तेच काम आणि खोत देईल तीच मजुरी. कुळाच्या हातात कागद नव्हता, म्हणून दाद मागायला जागा नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते या मनमानीविरुद्धच.

हीच लढाई त्यांनी कारखान्यात नेली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामावर घेणे, शिक्षा करणे, काढून टाकणे हे सारे मालकाच्या किंवा मुकादमाच्या मर्जीवर चाले. त्यावर त्यांच्या खात्याने औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा आणला आणि तो एप्रिल १९४६ मध्ये मंजूर झाला. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला नोकरीच्या अटी लिहून सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक झाले. कायम कोण, तात्पुरता कोण, पाळ्या, रजा, गैरवर्तन म्हणजे काय, तक्रार कुठे करायची, हे सगळे त्यात आले. हे नियम बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही प्रवेशद्वाराजवळ लावायचे होते.

ज्या ब्रिटिशांचे राज्य तेव्हा इथे होते, त्यांच्या देशात प्रत्येक कामगाराला अटींचा लेखी तपशील देण्याची सक्ती १९६३ च्या कायद्याने आली. आज तिथे एप्रिल २०२० पासून हा कागद कामाच्या पहिल्याच दिवशी द्यावा लागतो. त्यात पगार, कामाचे तास, सुट्ट्या, नोटिशीची मुदत लिहावी लागते. नोकरीसाठी ब्रिटनला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

आता आपल्याकडे काय बदलले ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४६ चा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगारांच्या कारखान्यात प्रमाणित नियमावली असलीच पाहिजे असे केंद्रीय कायदा आता म्हणत नाही. बाबासाहेबांनी उभे केलेले एक संरक्षण इथे आकसले आहे.

पण त्याच वेळी एक हत्यार हातात आले आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र द्यावेच लागते. जे आधीपासून कामावर आहेत आणि ज्यांना पत्र मिळालेले नाही, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत ते द्यायचे होते. सामूहिक नियमावलीचे छत्र जिथे गेले, तिथे हा एक कागदच तुमचा आधार आहे. म्हणून तो सोडू नका.

पत्र हातात आले की घाईने सही करू नका. पुढील गोष्टी वाचा :

– तुमचे पद, कामाचे स्वरूप आणि रुजू झाल्याची खरी तारीख.
– मालक कोण? ठेकेदार असेल तर त्याचे नाव आणि काम कोणत्या आस्थापनेत आहे ते.
– मूळ वेतन, भत्ते आणि कपाती वेगवेगळ्या.
– नोकरी मुदतीची आहे का, असल्यास किती काळाची.
– भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची नोंद. कपात झालेली रक्कम खात्यात जमा होते का, हे उमंग अॅपवर पाहता येते.

कोऱ्या कागदावर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा. पगारपत्रक, हजेरी कार्ड, गेटपास, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपवर आलेला कामाचा निरोप हे सगळे पुरावे आहेत. पत्र मिळत नसेल तर तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठेकेदार बदलतो, कामगार तोच राहतो. अशा वेळी जुन्या ठेकेदाराकडून अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या. मागितल्यावर ते देणे त्याला बंधनकारक आहे.

वेतन संहितेचे तीन नियम तोंडपाठ असू द्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. जादा कामाला दुप्पट दर आहे. राजीनामा दिला किंवा काढून टाकले, तरी हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाला पाहिजे. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. त्यासाठी तुम्ही तिथे काम करत होता हे सिद्ध करावे लागते, आणि तिथेच कागद लागतो.

कागदाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. खाजगी नोकरीत जातीवरून डावलले गेले, तर त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही. ब्रिटनमध्येही २०१० च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख नाही. संसदेने २०१३ मध्ये तो घालण्याची तरतूद केली होती, पण २०१८ मध्ये तिथल्या सरकारने माघार घेतली. हा लढा आपल्याला पुढे न्यायचाच आहे. पण पुढची कोणतीही लढाई लढताना आपण नोकरीत होतो, इतके तरी सिद्ध करता आले पाहिजे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली : ताकद पाहून काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, चांगलेचुंगले वाटून खाणे, वेळेवर सुट्टी देणे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या श्रम कायद्यांशी ताडून पाहा. नियुक्तीपत्र मागणे म्हणजे मालकाशी भांडण नव्हे, ते सम्यक आजीविकेचेच पाऊल आहे.

आमची विनंती एवढीच : प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक तरुण मंडळात महिन्यातून एक रविवार कागदांसाठी ठेवा. शिकलेल्यांनी इतरांचे नियुक्तीपत्र आणि पीएफचे पासबुक वाचून द्यावे. ज्यांना पत्र नाही त्यांची यादी करून एकत्र अर्ज द्यावा आणि उत्तर आले नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावे. एकट्याचा अर्ज दडपता येतो, पन्नास जणांचा दडपणे अवघड असते. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या मंत्राचा पोफळीतला आजचा अर्थ हाच आहे.

जयभीम!